मोहनरावांचं डोकं टेकलं की ब्रेक

३ जानेवारी

गेवराईच्या खतवाल्याने नवीन वर्षाची डायरी दिली. पानोपानी जाहिराती आहेत, पण कागद जाड आहे. यात फक्त स्वतःचे विचार लिहायचे ठरवलं. कोणाला वाचायला देणार नाही. घरात त्या लायकीचं कोणी नाही.

आजची घटना. ट्रॅक्टर रिव्हर्स घेताना शेजारच्या आश्रुबाच्या न्हाणीची भिंत मध्ये आली. पडली. आश्रुबा आत होता, साबण लावलेला. बादली पुढे धरून सगळ्या गल्लीसमोर ओरडला, "रामकिसन, डोळे फुटले का बे तुजे?" माझं म्हणणं एवढंच की भिंत एका विटेची होती. ती आज ना उद्या पडणारच होती, मी निमित्त झालो.

वनमाला नेहमीसारखी ट्रॅक्टरच्या मागे उभी राहून "थांबा, थांबा" करत होती. मी नेहमीसारखा म्हणालो, "तू बाजूला हो, मला दिसतंय." आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. ट्रॅक्टर आल्यापासून आमचं मुख्य बोलणं हेच आहे.

मान वळवून मागे बघणं मला पटत नाही. बैलगाडीवाले बघतात. ड्रायव्हरला अंदाज असतो.

४ जानेवारी

वनमालाने निकाल दिला. "रिव्हर्स घेताना अजून येक धडक, आन् ट्रॅक्टरची किल्ली माज्याकडं." आईने, म्हणजे केशरबाईंनी, लगेच मान डोलावली. ती माझी आई आहे की हिची, हे एकदा विचारून घ्यायला पाहिजे.

वनमालाला ट्रॅक्टर चालवता येतो. मला कावीळ झाली होती तेव्हा शिकली. पण फक्त पुढे. रिव्हर्स येत नाही.

किल्ली माझ्या करदोड्याला असते. अंघोळीलाही काढत नाही. आमच्या गावात सुंदररावच्या पोरांनी त्याच्या मोटरसायकलची किल्ली काढून घेतली, तेव्हापासून माणूस दिवसभर पारावर बसून दुसऱ्यांच्या गाड्या बघतो. लोक त्याला रामराम घालायचं पण विसरले. आज तिकडून जायचं टाळलं.

७ जानेवारी, दुपार

उपाय सापडला! हायवेवर ट्रकचे गोंडे, झुंबरं आणि भोंगे विकणारं दुकान आहे, तिथे रिव्हर्स कॅमेरा मिळाला. सोबत छोटा टीव्ही. त्याला मॉनिटर म्हणायचं. मान न वळवता मागचं सगळं दिसतं. म्हणजे माझी पद्धत पहिल्यापासून बरोबर होती, फक्त मशीन यायचं बाकी होतं.

दुकानात दोन प्रकार होते. मी स्वस्तातला घेतला. महागडा कॅमेरा ज्याला गाडी येत नाही त्याच्यासाठी असतो.

संकल्प: उद्या सकाळी सहाला उठून बसवणे.

८ जानेवारी

थंडी होती.

१२ जानेवारी

स्वतः बसवायला घेतला. माहितीपत्रक चिनी भाषेत आहे, पण चित्रं कळली. लाल वायर लालला, काळी काळीला. धूर निघाला. फार नाही. कॅमेऱ्याला काही झालं नाही, हॉर्न तेवढा गेला. हॉर्न तसाही जुनाच होता.

१३ जानेवारी

तानाजीला बोलावलं. मोटर, पंखा, देवळातला स्पीकर, सगळं तोच दुरुस्त करतो. खोकं उलटसुलट करून म्हणाला, "मालक, ह्यो तर कारचा हाय. ट्रॅक्टरला कावून लावायलाव?" मी म्हणालो, तू वायर जोड, प्रश्न विचारू नको.

आमच्या ट्रॅक्टरला रिव्हर्सचा लाइट नाही, म्हणून त्याने मॉनिटर सरळ बॅटरीला जोडला. आता तो कायम चालू राहतो. पुढे जातानाही मागचं दिसतं. ही सोय कारवाल्यांना नाही.

हॉर्न नीट करू का, असं तानाजीने विचारलं. म्हणालो, कॅमेरा असल्यावर हॉर्न कशाला?

१५ जानेवारी

ट्रॉली जोडली. मॉनिटरवर फक्त ट्रॉलीचा पुढचा फाळका दिसतो आणि त्यावर रंगवलेला माझाच मोबाईल नंबर. चित्र मात्र एकदम क्लिअर. दिवसभरात नंबर पाठ झाला.

१८ जानेवारी

तानाजीने लांब वायर टाकून कॅमेरा ट्रॉलीच्या पाठीमागे बसवला. मग म्हणाला, चित्र उलटं यायलंय, डावं ते उजवं दिसायलंय, सरळ करून देतो. मी हात धरला. दोन चाकांची ट्रॉली रिव्हर्स घेताना स्टेअरिंग उलटंच फिरवावं लागतं. चित्रही उलटं. उलट्याला उलटं लागलं की सरळ होतं. हे शाळेत गणितात होतं. तानाजीने बोटांवर मोजून बघितलं आणि पक्कड पिशवीत टाकली. बिचारा फार शिकलेला नाही.

२० जानेवारी

एक गोष्ट लक्षात आली. मी ट्रॅक्टर घेऊन निघालो की मागे गल्लीत लोक घरातून बाहेर येतात आणि हसतात. इतकी वर्षं हे दिसत नव्हतं. कॅमेऱ्यामुळे कळलं की आपण लोकांना आवडतो.

तेच बघत पुढे गेलो आणि कडब्याच्या गंजीत शिरलो. गंजी आपलीच. वनमालाने हात पुढे केला, किल्ली द्या म्हणाली. मी तिला शांतपणे समजावलं की अट रिव्हर्सची होती, ही धडक पुढून आहे. तिने हात मागे घेतला आणि "बरं" म्हणाली. त्या "बरं"चा सूर मला आवडला नाही.

२५ जानेवारी

ट्रॉली शेडमध्ये लावायची होती. मॉनिटरवर मधोमध पिवळा गोल आला. खोक्यावरच्या चित्रात हिरवी रेघ म्हणजे चला, पिवळी म्हणजे जपून, लाल म्हणजे थांबा. म्हणजे काहीतरी जवळ आहे. हिरवं होण्याची वाट बघत बसलो. वनमाला जेवायला बोलावून गेली. आश्रुबा येऊन विचारून गेला, "बसून कावून ऱ्हायलास बे?" शेवटी आई आली आणि म्हणाली, "बाबा, नव्या वस्तूला कुणाची नजर लागू नाही म्हणून मी लिंबू-मिरची बांधली हाय त्या डोळ्याला."

लिंबू बाजूला सरकवलं. काढलं नाही, कारण आश्रुबाची नजर खरंच वाईट आहे.

२८ जानेवारी

मोठी बातमी. नऊ फेब्रुवारीला मोहनरावांचा वाढदिवस आमच्या गावात होणार. मोहनराव म्हणजे आमच्या भागाचे माजी जिल्हा परिषद सदस्य, आणि त्यांचं म्हणणं असं की भावी आमदार. स्टेज म्हणून ट्रॉली लागणार. मी हात वर केला. पाराजवळ फ्लेक्सच्या पुढ्यात ट्रॉली सगळ्या गावासमोर रिव्हर्स घेऊन लावायची. एकदा लागली की किल्लीचा विषय कायमचा संपला.

मोहनराव म्हणाले, "रामकिसन, जमंल ना?" मी म्हणालो, साहेब, कॅमेरा आहे.

घरी सांगितलं. वनमाला भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, "अवो, दुसऱ्या कुणाला तरी लावू द्या. तुमी साहेबांसंगं फोटो काढा." माझ्या प्रगतीला घरातूनच विरोध आहे, हे लिहून ठेवतो.

१ फेब्रुवारी

फ्लेक्स लागला. मोहनराव दोन माणसांएवढे उंच. पांढरे कपडे, काळा गॉगल, हात जोडलेले. त्यांच्या गुडघ्याखाली शुभेच्छुकांची रांग, त्यात डावीकडून चौथा मी. फोटो आधार कार्डावरचा आहे, पण ओळखू येतो.

प्रॅक्टिस सुरू केली.

४ फेब्रुवारी

फॉर्म्युला सापडला. रिव्हर्स घेत जायचं. मॉनिटरवर मोहनराव मोठे मोठे होत जातात. त्यांचं डोकं स्क्रीनच्या वरच्या कडेला टेकलं की ब्रेक. ट्रॉली फ्लेक्सपासून बरोबर हव्या तेवढ्या अंतरावर थांबते. दिवसभर करून बघितलं. एकदाही चुकलं नाही. वाऱ्याने फ्लेक्स हलतो, तेव्हा मोहनरावही हलतात. तिकडे लक्ष द्यायचं नाही.

हे कोणाला सांगणार नाही. कंपनीला कळलं तर मला बोलावून घेतील.

८ फेब्रुवारी

वनमालाला बजावलं, उद्या मागे उभी राहू नको, चार लोकांत बरं दिसत नाही. म्हणाली, "मला कुठं हौस हाय? मी बायांसंगं ओवाळायला यणार हाय." ठीक. ओवाळावं.

हॉर्नचं बघायचं होतं. राहिलं.

९ फेब्रुवारी, सकाळ

नवीन शर्ट. किल्लीला कुंकू लावलं. निघतो.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ

आज विशेष काही घडलं नाही.

१० फेब्रुवारी

खोटं लिहून स्वतःलाच काय फसवायचं. घडलं ते असं.

सगळं गाव जमलेलं. हलगी वाजत होती. मी ट्रॉली लांबून सरळ रेषेत घेतली आणि रिव्हर्स टाकला. मॉनिटरवर मोहनराव हात जोडून उभे. रोजच्यासारखे. मी मागे येत राहिलो. डोकं स्क्रीनच्या अर्ध्यात. म्हणजे अजून भरपूर जागा. लोक ओरडायला लागले. मला वाटलं, कौतुक चाललंय. एक हात वर करून मी त्यांना प्रतिसादही दिला. मोहनराव जोरजोरात हलायला लागले. म्हटलं वारं सुटलं. गॉगल खाली पडला, तेव्हा मात्र फ्लेक्सची क्वालिटी बरी नाही असं वाटून गेलं.

तर झालं असं होतं की खरे मोहनराव फोटो काढायला आपल्याच फ्लेक्सच्या पुढे येऊन उभे राहिले होते. तसेच कपडे, तसाच गॉगल, तसेच जोडलेले हात. या माणसाला दुसरी पोझ येत नाही. त्यात लिंबू परत मधे आलेलं, त्यामागे फ्लेक्सवरचं मोठं डोकं पूर्ण झाकलेलं आणि खरा चेहरा निम्माच दिसत होता. फॉर्म्युला फ्लेक्सच्या मापाचा होता. डोकं वर टेकायची वाट बघत मी येतोय, आणि डोकं काही टेकत नाही. मोहनराव फ्लेक्सपेक्षा फार लहान निघाले, यात माझा दोष नाही.

वनमालाने ओवाळायचं ताट फेकलं आणि त्यांना दंडाला धरून ओढलं. दोघं हापशाच्या चिखलात पडले. लागलं कोणालाच नाही. ट्रॉली तशीच पुढे जाऊन फ्लेक्सला भिडली. वरचे मोहनराव शाबूत आहेत. खालची पट्टी फाटली, ती डावीकडून तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत.

मोहनराव चिखलातून उठले आणि जे बोलले ते या डायरीत लिहिता येत नाही. शेवटचं वाक्य चालेल: "हॉर्न तरी वाजवायचा बे!"

वनमालाही उठली. साडी पिळली आणि हात पुढे केला. सगळं गाव बघत होतं. किल्लीची गाठ सुटेना. शेवटी आश्रुबाने कात्री आणून दिली. तो असल्या वेळी बरोबर कामाला येतो.

११ फेब्रुवारी

मी किल्ली स्वखुशीने दिली, अशी नोंद करतो. मानेला विश्रांती हवीच होती.

कंबर हलकी लागते. दिवसभरात कितीदा तरी हात तिकडे गेला.

१४ फेब्रुवारी

कॅमेरा तानाजीकडून काढून घेतला आणि शेळ्यांच्या गोठ्यात लावला. मॉनिटर आईच्या खाटेशेजारी. आई झोपून शेळ्या बघते. म्हणाली, "लई ग्वाड दिसतंय रं." म्हणजे वस्तूत खोट नव्हती. मी आधीपासून सांगत होतो.

संकल्प: वनमालाला रिव्हर्स शिकवणे. आपला अनुभव वाया जाऊ नये.

२० फेब्रुवारी

आज तिने ट्रॉली पहिल्यांदा रिव्हर्स घेतली. आश्रुबाच्या नव्या भिंतीशेजारून शेडमध्ये. मी मागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे" करत होतो. मागे उभं राहिल्यावर आपला आवाज इंजिनापुढे किती बारीक असतो, ते आज कळलं.

पहिल्यांदा ट्रॉली वाकडी गेली. ती थांबली, खाली उतरली, मागे येऊन बघून गेली. परत घेतली, परत उतरली. मी इतक्या वर्षांत एकदाही उतरलो नाही. आणि चालवताना सारखी मान वळवून मागे बघते. असं बघून कोणालाही जमेल, यात काय कौशल्य!

आश्रुबा भिंतीपाशी उभा होता. ओरडला नाही. बिडी ओढत निवांत बघत होता. हे मला जास्त लागलं.

तिसऱ्या वेळेला ट्रॉली सरळ यायला लागली. मी जोरात ओरडलो, "थांब, थांब!" तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, काहीच नाही.

"तुमी बाजूला व्हा," म्हणाली, "मला दिसतंय."

हे वाक्य मी हजारदा बोललो असेन. ऐकलं आज. ऐकायला वाईट लागतं.

बाजूला झालो. स्वतःहून. मग तिथे काही काम नव्हतं म्हणून पारावर गेलो. सुंदरराव दुसऱ्यांच्या गाड्या बघत बसला होता. थोडा सरकला आणि शेजारची धूळ हाताने झाडली.