नील्दाची झुलपं

यागुआरोन, २ जुलै १९८६

ती. रामोना मावशीस नील्दाचा नमस्कार, वि. वि.

आईला न सांगता लिहिते आहे. गेल्या नाताळात तू तिचे केस कुरळे केलेस आणि चर्चच्या दारात पाद्रीबाबांनी तिला आमची आजी समजून हात दिला, तेव्हापासून या घरात तुझं नाव काढायची सोय नाही. पण केसांतलं तुझ्याइतकं कुणाला कळतं?

गावच्या जत्रेत यंदा मला बाटलीचा नाच मिळालाय, तोही पहिल्या रांगेत. सरावात कपाळावरचे केस डोळ्यांत आले नि डोक्यावरची बाटली बाईंच्या पायाशी फुटली. म्हणून मी घरीच झुलपं कापली. जरा तिरकी झाली. आई म्हणाली, दे इकडे, सरळ करते. तिने उजवीकडची कापली, मग डावीकडची लांब वाटली, मग पुन्हा उजवीकडची. आता भुवया आणि केस यांच्यामधून बैलगाडी जाईल. जेवताना बाबांनी माझ्याकडे पाहिलं की त्यांना ठसका लागतो. मी नाचणार नाही, असं ठरवलंय.

तुझी लाडकी (अजून असेन तर),
नील्दा

आसुन्सियोन, ५ जुलै

चि. नील्दास मावशीचे पुष्कळ आशीर्वाद.

पत्र दुकानात वाचलं आणि खुर्चीतल्या बाईंचा कान थोडक्यात बचावला. ओल्या केसांना कात्री लावलीत ना मायलेकींनी? वाळले की केस वर चढतात, हे तुझ्या आईला सांगून मी थकले. आता कात्री शेजारी ठेवायला द्या. रुंद फीत बांध आणि नाच. बाटली डोक्यावर उभी राहते, झुलपांवर नाही.

मी आलेच असते. पण दारात दिसले तर कुत्रा सोडेन, असा तुझ्या आईचा निरोप आहे. कुत्रा मला ओळखतो. प्रश्न तुझ्या आईचा आहे.

माया आहे तशीच आहे, हे जाणून राहा.
मावशी रामोना

यागुआरोन, ९ जुलै

ती. ताईस देल्फिनाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र नील्दाच्या उशीखाली सापडलं. उशी उन्हात घालायला उचलली होती, वाचायला नव्हे.

फीत बांधूनही पोरगी खोलीबाहेर येईना. मी म्हटलं, एवढंसं काय झालंय, केसच तर आहेत. ती म्हणाली, मग तुझे काप. मला राग आला. कात्री घेतली आणि तिच्यासमोर माझी झुलपं कापली, कोरडीच, तरी चढली. नील्दा हसून हसून पलंगावर लोळली, मग डोळे पुसून सरावाला गेली. आजही गेली आहे.

मी मात्र डोक्याला रुमाल बांधून बसले आहे. यांनी विचारलं, दात दुखतो का. परवा मिरवणुकीत मला पुढे चालायचंय आणि रुमाल चालणार नाही, असं पाद्रीबाबांचं म्हणणं.

तू ये. टपालाला उशीर होईल, म्हणून हे पत्र आजच्या बसवाल्याच्या हाती देते आहे. उद्याच्या बसने आलीस तर बरं. नाच बघायला आपल्या दोघींसाठी पुढच्या बाकावर जागा धरली आहे, आणि मधे कुणाला बसू देणार नाही.

रागावली असशील तर इथे येऊन रागाव.
तुझी धाकटी,
देल्फिना