सायबिणीचे दोन दिवस

ठाकुर्ली,
१० ऑक्टोबर १९९६

प्रिय उर्सू,

अक्षर ओळखलंस का? नसेल ओळखलं तर लगेच शेवटची सही बघू नकोस, थोडं डोकं खाजव. माजिवड्याच्या शाळेत तुझ्या वहीत चोरून निबंध लिहून देणारं हेच ते अक्षर. मुंग्यांनी शाईत पाय बुडवलेत, असं बाई म्हणायच्या. आता ते आणखी बिघडलंय, कारण पलंगावर उशीला टेकून, मांडीवर लेकीची पाटी घेऊन लिहिते आहे. डोंबिवली आणि ठाकुर्ली यांच्यात एकही स्टेशन नाही, तरी मी तुला पत्र लिहिते आहे. दोनदा तुझ्या बिल्डिंगच्या जिन्यापर्यंत आले होते. दोन्ही वेळा पहिल्या मजल्यावरून परत फिरले.

हो, मी आता ठाकुर्लीत राहते, जूनपासून. माजिवड्याच्या आमच्या घराची पुढची बाजू रस्त्यात गेली. आधी पडवी गेली, मग आईची भात कांडायची जागा गेली, आणि उरलेलं अर्धं घर बघवेना म्हणून विकून टाकलं. गल्लीच्या तोंडावरचा क्रूस वीसेक पावलं मागे नेलाय. त्याला हार घालायला गेले, तर पाय आपोआप जुन्याच जागी थांबले आणि मी रिकाम्या खडीसमोर हात जोडून उभी! माझ्या नवऱ्याची, पर्सीची, कंपनी बंद पडली. आता तो डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात जातो. त्याचा रुमाल एक दिवस गुलाबी असतो, एक दिवस निळा. रुमाल धुताना मी ओरडते, आणि तो म्हणतो की होळी फुकटात मिळते आहे तर बोलू नकोस.

आणि मी आजारी आहे, उर्सू. जुलैत पहिल्या कम्युनियनचा एक फ्रॉक शिवत होते. टाचणी हातातून सुटून ब्लाउजात पडली, ती शोधताना बोटाला गाठ लागली. डाव्या बाजूला, चिंचोक्याएवढी. आता डॉक्टर म्हणतात काढावं लागेल, सगळंच. मला भीती वाटते. माझी लेक सात वर्षांची आहे आणि तिला अजून स्वतःची वेणी घालता येत नाही. दिवसातून दहा वेळा मी हाच विचार करते, वेणीचा.

औषधाने दुपारी गुंगी येते. पंखा फिरत असतो, पडद्यातून पिवळा उजेड भिंतीवर हलत असतो, आणि मी झोपलेली असते की जागी हे माझं मलाच कळत नाही. मग आपण दोघी कळव्याच्या बाजूला मिठागराच्या बांधावरून चालत असतो. तुझ्या पायांना मीठ लागून पाय पांढरे झालेले, चपला हातात. आपल्या पुढे कोणीतरी चाललेलं असतं, निळा पदर, हातात मेणबत्ती. जवळ जावं तर ती सायबीण असते, आपली मारियामाता, काचेच्या पेटीतून उतरून पायी निघालेली. जनगणनेच्या बाईसारखी ती मला घराचा नंबर विचारते. मी सांगायला तोंड उघडते आणि दर वेळी आमच्याच घराचा नंबर सांगते. तुमचा माहीत असून सांगत नाही. तेवढ्यात जाग येते, आणि उशी ओली असते.

इथे चर्चच्या आमच्या वॉर्डातले लोक संध्याकाळी घरी रोझरी म्हणायला, माळ जपायला येतात. पहिल्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. लोकांनी माझ्याभोवती बसून प्रार्थना करावी इतकी का मी गेलेली आहे, असं वाटून राग आला होता. पण ‘नमो मारिया’ पुन्हा पुन्हा कानावर पडत राहिलं, आणि माळेच्या तिसऱ्या दहा मण्यांपर्यंत छातीतली धडधड त्या आवाजाच्या चालीने चालायला लागली. वरच्या मजल्यावरची मंजुळाही येते. ती कळव्याच्या कोळ्यांतली, तिला शब्द येत नाहीत, ती नुसती माझा घोटा धरून बसते. एक गोष्ट माझ्या तेव्हा लक्षात आली. लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेल्या त्या प्रार्थनेत मला बरं कर असं कुठेच नाही. आता आमच्यासाठी विनंती कर आणि मरणाच्या वेळी कर, एवढंच आहे. कोणीतरी दोन्ही वेळेला सोबत आहे, बस. तेवढ्यानेच मला झोप लागायला लागली, उर्सू. खरं सांगते, गोळीने नाही लागली ती.

मग ऑक्टोबर आला आणि पायस अंकल सायबिणीची यादी घेऊन आले. ते आमच्या वॉर्डाचे प्रमुख, रेल्वेतून रिटायर झालेले, यादीही टाइमटेबलासारखी आखतात. लेकीने विचारलं सायबीण म्हणजे काय, तर मी तिला समजावलं की मारियामातेची मूर्ती महिनाभर घरोघरी जाते, एका घरी एक दिवस राहते, आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुढच्या घरचं माणूस मेणबत्ती घेऊन तिला न्यायला येतं. सांगता सांगता माझं बोट यादीवरून फिरत होतं, आणि एका खोडलेल्या नावावर थांबलं. उर्सुला. खाली डोंबिवलीचा पत्ता. अंकल म्हणाले, “ते घर घेत नाय गो. सहा वर्सं विचारतो. चहा देते, मायेने बोलते, पन सायबिणीचं नाव काढलं का म्हनते, पुढे न्या तिला.”

तू का घेत नाहीस ते मला माहीत आहे. जगात मला एकटीलाच माहीत आहे.

चौऱ्याऐंशी सालचा ऑक्टोबर आठव. माझी आई टायफॉईडने वीस दिवस पडून होती, आणि तुझ्याकडे तुझ्या आईचं, रेजिनमावशीचं, हृदय थकलेलं. सायबीण आमच्याकडे आली त्याच रात्री आईचा ताप उतरला. सकाळी तिने पेज मागितली. मी एकोणीस वर्षांची घोडी, पण लहान पोरीसारखी त्या पेटीला मिठी मारून बसले. आता ही गेली की ताप परत येणार, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. संध्याकाळी तू न्यायला आलीस. मावशीने नेसायला लावलं म्हणून पहिल्यांदाच लुगडं नेसली होतीस, निऱ्या एका बाजूला घसरलेल्या, एका हातात मेणबत्ती, दुसऱ्यात झेंडू. मी दार अर्धंच उघडलं आणि म्हटलं, यादीवाल्या पास्कूबाबांनी सांगितलंय, आजारी माणसाच्या घरी सायबीण दोन दिवस राहणार. तुझा चेहरा फुलला. मग आम्हालाही दोन मिळतील, असं म्हणून तू मेणबत्ती फुंकलीस आणि उड्या मारत घरी गेलीस.

पास्कूबाबा असं काही बोलले नव्हते. मी खोटं बोलले, उर्सू. बारा वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन दारात यायच्या आत, मावशी गेली. तिच्या खाटेचं तोंड दाराकडे फिरवलेलं होतं. समोर स्टूल, त्यावर तिने विणलेली लेस, झेंडू आणि मधली जागा रिकामी. मातीहून परतताना तू माझा हात धरून म्हणालीस, जुली, तिला गावातली सगळी घरं सापडली, आमचंच सापडलं नाही. मी तुझा हात नुसता दाबला. त्यानंतर, लग्नाचा दिवस सोडला तर, तू चर्चची पायरी चढली नाहीस. तुझ्या लग्नात नवरीच्या आंघोळीसाठी विहिरीवरून उंबराचं पाणी आणायला मी आले नाही, ताप आहे म्हणून कळवलं होतं. तेही खोटंच होतं.

पण तुला न सांगितलेली आणखी एक गोष्ट आहे, आणि ती लपवल्याची मला जास्त लाज वाटते. त्या संध्याकाळी, तू विहिरीवर गेलेली असताना, मी मागच्या दाराने तुमच्याकडे आले होते. मावशी कशी आहे ते बघायला म्हणून नाही, माझं खोटं पचलं का ते बघायला आले होते. मावशी जागी होती. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “पास्कूनी असं कवा सांगितलं गो बाय? त्याची यादी तं मीच लिवून देते.” मी तिच्या खाटेशी बसले आणि हुंदके द्यायला लागले. तिने माझं डोकं आपल्या कुशीत ओढलं. तिच्या हाताला खोबरेल आणि झेंडूचा वास होता, तो मला अजून येतो. म्हणाली, “रव्हू दे तिला तुझ्याकडं. तुझी आय उठू दे. मना काय, डोलं मिटलं तरी ती दिसतेच. उर्सूला नको सांगू, भांडंल तुझ्याशी.”

ऐकलंस ना? तुझी आई दाराकडे बघत, वाट बघत गेली असं तू इतकी वर्षं धरून बसली आहेस. तसं नाही गं. तिने आपला दिवस माझ्या आईला दिला होता, समजून उमजून, स्वतःच्या तोंडाने. तिचे हे शेवटचे शब्द तुझे होते आणि मी ते दाबून ठेवले. नको सांगू म्हणाली होती, या सबबीमागे मी लपले. माझी आई त्यानंतर अकरा वर्षं जगली, दर ऑक्टोबरला रेजिनच्या नावाने मेणबत्ती लावायची, आणि मागच्या वर्षी काही न कळता गेली. ती असेपर्यंत हे बोलायचं मला धैर्य नव्हतं.

ऑगस्टमध्ये मी कन्फेशनला गेले. फादर सगळं ऐकून घेऊन म्हणाले, देवाने माफ केलं, पण ही कबुली त्याच्या पत्त्यावरची नाही, तिच्या पत्त्यावरची आहे. तरी दोन महिने लावले मी. आता मला हेही कळतं की आईचं औषध चार दिवस आधीच सुरू झालं होतं, ताप उतरायचाच होता. मी एक काचेची पेटी अडवून ठेवली होती, सायबिणीला नाही. ती त्या रात्री तुमच्याकडेच होती असं मी मानते. सिद्ध करता येणार नाही, आणि तू रागावून हे पान फाडलंस तरी माझं काही म्हणणं नाही.

पत्र आजच लिहायला घेतलं त्याचं कारण असं. यादीप्रमाणे येत्या सोमवारी सायबीण माझ्या घरी यायची आहे. मंगळवारी सकाळी मला परळला भरती व्हायचंय आणि बुधवारी ऑपरेशन. मी पायस अंकलना सांगितलंय की सोमवारी तिला माझ्याकडे आणू नका, उर्सूकडे न्या. ते चिडले, म्हणाले, “खरी गरज तुला, नि तू दुसरीकडं पाठवतेस?” मी संतबिंत झालेय असं समजू नकोस. मला ती हवी आहे, फार हवी आहे. पण मावशीला डोळे मिटून दिसायची, मलाही जमतं का ते बघते. हे पत्र अंकलच्याच हाती देते आहे, रविवारी तुला मिळेल. सोमवारी दिवेलागणीला चार-पाच माणसं तुझा जिना चढतील, पुढे एक मेणबत्ती असेल. दार उघडायचं नसेल तर उघडू नकोस, ते पुढच्या घरी जातील, कोणी काही म्हणणार नाही. उघडलंस तर स्टुलावर मावशीची लेस घाल, ती तू टाकली नसशील. एक नमो मारिया तिच्या नावाने म्हण. माझ्या नावाने म्हणायची की नाही, ते तू ठरव. आणि बुधवार संध्याकाळपर्यंत तिला तुझ्याकडेच ठेव, उर्सू, दोन दिवस. या वेळी मी अंकलना खरंच विचारलंय.

तुझीच,
जुली