माहेरची तालीम

घोडेगल्ली, कोल्हापूर
१४ मार्च १९८३

प्रिय गुंडू,

दहा मिनिटांच्या वाटेवर राहणाऱ्या भावाला पोस्टानं पत्र घालणारी बहीण कोल्हापुरात मी एकटीच असेन. पण घोडेगल्लीतून चिंचेकडील तालमीकडं कुणाला धाडायचं, तर कोण चाललंय आणि कशाला, हे आधी कोपऱ्यावरच्या बाकड्याला सांगावं लागतं. पोस्टमनला कुणी विचारत नाही.

कालची फुटबॉलची फायनल तू बघितलीसच. माझ्या सयाजीनं शेवटाला गोल घातला आणि आपली तालीम हरली. बघ, ‘आपली’ असंच लिहून गेले. एकोणीस वर्षं इथं नांदतेय, तोंडानं घोडेगल्ली म्हणते, पण हात चिंचेकडंच वळतो. संध्याकाळी मिरवणूक दारात आली. गुलालानं माखलेल्या अकरा पोरांना मी ओवाळलं. पोटचं पोर जिंकलं म्हणून ऊर भरून आला होता, आणि तुमच्या गल्लीत आज चुली पेटल्या नसतील हेही कळत होतं. सासूबाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या. ह्या दोन तालमींची मॅच झाली की इथं सगळे आधी माझं तोंड बघतात.

तू पाळण्यात होतास तेव्हा तात्या मला खांद्यावर बसवून मॅचला न्यायचे. पोरींना कुणी नेत नव्हतं. आज्ज्यानं तालमीची माती भरली, तात्या डाव्या बगलेला खेळले, पुढं तू. मला मैदान नव्हतं, म्हणून तात्यांनी परसात चिंध्यांचा चेंडू करून डाव्या पायाची ती वळवून मारायची किक मला शिकवली. माझं लग्न ठरलं तेव्हा लोक म्हणाले, घोडेगल्लीत पोरगी देताय? तात्या म्हणाले, “खेळ मैदानात ऱ्हातोय, घरात येत न्हाय.” दहा वर्षं ते खरंही ठरलं.

मग चौऱ्याहत्तरची ह्याच दोन तालमींची सेमीफायनल. तुझ्या दाजींचा बूट तुझ्या गुडघ्यावर बसला. बावीस वर्षांचा तू, पुन्हा मैदानात उतरला नाहीस. दोन्हीकडून दगडफेक झाली आणि इथल्या मोठ्यांनी ठरवलं, येणं-जाणं बंद. तात्या गेले तेव्हा मला त्यांचं तोंड बघू दिलं आणि तासाभरात माघारी आणलं. राखी दर वर्षी आणते, ट्रंकेत ठेवते. तुझ्या गुडघ्यावरच्या त्या किकबद्दल घरात कधी शब्द निघाला नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं आणि उत्तर आलं असतं, तर कुठं गेले असते?

सयाजीला मात्र मी गच्चीवर सगळं शिकवलं. घरच्यांना वाटायचं, आई पोराला खेळवतेय. कालचा गोल तात्यांच्या त्याच वळवून मारायच्या किकचा.

काल जेवताना तो सगळ्यांदेखत सांगत सुटला. मॅच संपल्यावर गुंडूमामा काठी टेकत आला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, “ही किक आमच्या तात्यांची हाय. तुला कुणी शिकवली?” “आईनं, असं सांगितलं मी,” सयाजी म्हणाला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “मला ठावं हुतं, हिचं काळीज तिकडंच हाय.” तुझे दाजी ताटावरून उठले.

आज सकाळी ते कामावर गेले नाहीत. मी भाकऱ्या करत होते, तिथं येऊन बसले. म्हणाले, “ती किक चुकून लागली न्हवती. मोठ्यांनी सांगितलं, गुंडूला बाहेर काढ. म्या काढला. काल त्यो पोराकडं निघाला, तवा वाटलं, आता काठी घालतोय. त्यानं पाठीवर हात ठेवला.” मी भाकरी थापत राहिले. नऊ वर्षं जे कानावर यायला नको म्हणून जपत होते, ते आलं, आणि भाकरी नेहमीसारखी टम्म फुगली.

हे पत्र लिहायला त्यांनीच सांगितलं. कागदही त्यांनीच आणला. स्वतः तुझ्या दारात आले तर इथली तालीम त्यांना तोडेल आणि सयाजीला पुढच्या मोसमात बसवून ठेवेल. आत्ता ते माझ्यासमोर बसलेत. दुसरीत शाळा सुटली, त्यामुळं मी काय लिहितेय ते त्यांना वाचता येत नाही, नुसते हाताकडं बघतायत. माझ्या वतीनं माफी माग म्हणाले, ती इथं मागते. मी त्यांना माफ केलं का, ते त्यांनी विचारलं नाही, तूही विचारू नकोस. मला ह्याच घरात राहायचंय. उत्तर काय द्यायचं ते तुझं तू ठरव, पण पोस्टानंच धाड. ते मलाच मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल. तू जे लिहिशील, त्यातलं एक अक्षर मी बदलणार नाही.

तुझीच,
चिंचेकडची आक्का