सर्टिफिकेट खरं कशावरून?

३ जून १९८५, सोमवार
कारखान्याच्या स्टाफ बसगाड्यांवर सुपरवायझर नेमणार. नोटीस लागली. माणूस पर्मनंट हवा आणि दसऱ्याच्या आत ग्राउंड ट्रान्सपोर्टचं सर्टिफिकेट हवं. म्हणजे मीच. भांडुपच्या टाइम ऑफिसात अकरा वर्षं खुर्ची झिजवली ती उगाच नाही.
खंडेनवमीला गाड्यांची पूजा होते तेव्हा पहिल्या बसपुढे नारळ सुपरवायझर फोडतो. मी दरवर्षी मागे उभा राहून खोबरं खातो. यंदा नारळ माझ्या हातात. लिहून ठेवतो.

९ जून, रविवार
घाटकोपरला जाऊन हे सर्टिफिकेट देणारी इन्स्टिट्यूट पाहिली. फरसाणच्या दुकानावर, पहिला मजला. फी चारशे, तीन महिने, दर रविवारी. प्रिन्सिपॉल चंद्रप्रकाश सर, सफारीत. चहा पाजला, वर बिस्किटं. तिथेच शंका आली. फुकट बिस्किटं देणारा माणूस ती कुठून वसूल करणार?
भिंतीवर सर्टिफिकेटचा नमुना. सोनेरी किनार! खऱ्या सर्टिफिकेटला किनार कशाला? माझ्या बी.कॉम.च्या डिग्रीला नाही. (दुसऱ्या प्रयत्नातली असली तरी खरी आहे.)

१० जून
तोलून पाहिलं. किंमत चारशे रुपये आणि रविवारची झोप. मोल शून्य, कारण सगळं बोगस. बायको, वसुधा, म्हणाली, आणि खरं असलं तर? हिला व्यवहारातलं काही कळत नाही.

२३ जून
इन्स्टिट्यूटसमोरच्या उडप्याच्या हॉटेलात बसून पाळत ठेवली. मसाला डोसा, दोन. बरीच माणसं वर चौकशीला गेली आणि हसत खाली आली. फसलेला माणूस आधी हसतोच.

३० जून
पुन्हा पाळत. डोसा, शिवाय शिरा. प्रवेशाची शेवटची तारीख म्हणे शनिवार. गिऱ्हाईक घाबरवायची जुनी युक्ती. वसुधा म्हणाली, एवढ्या डोशांत निम्मी फी भरून झाली असती. अतिशयोक्ती.

२ जुलै
झकास आयडिया! आमच्या बसगाड्या गेटवरून सोडणारा गुणाजी. मूळचा मालवणकडचा, गिरणी गेल्यावर इथे लागला. साधा माणूस. आधी त्यालाच कोर्सला बसवायचं. बोगस निघालं तर तो फसेल. खरं निघालं तर पुढच्या बॅचला मी. अर्धी फी मी द्यायची कबूल केली. पूर्ण फी भरून फसण्यापेक्षा अर्धीत फसणं स्वस्त.
गुणाजी म्हणाला, माका काय कळता त्यातला? पण तुमी सांगतास तर जातंय.
तो पर्मनंट आहे हे खरं. पण गुणाजी काही सुपरवायझर होणार नाही. गुणाजी तो गुणाजी.

११ ऑगस्ट
गुणाजीच्या वह्या तपासल्या. गाड्यांच्या फेऱ्या कशा आखाव्यात, ड्रायव्हरला विश्रांती किती, अपघात झाला तर आधी काय करायचं. सगळं खरं वाटतं. म्हणूनच संशय वाढला. बोगस माणसं इतकी मेहनत घेतात?

२५ ऑगस्ट
ठरलं. कोर्स खरा आहे. चारशे रुपये खिशात घालून घाटकोपर गाठलं. चंद्रप्रकाश सर म्हणाले, पुढची बॅच दिवाळीनंतर. दसऱ्याआधी काही होणार नाही का? नाही. बिस्किटं पुन्हा दिली. खाल्ली नाहीत.
काळजी नाही. साहेबांना सांगून मुदत वाढवून घेईन.

२ सप्टेंबर
साहेब म्हणाले, मुदत वाढणार नाही. कोणीतरी माझ्याविरुद्ध कान भरले असणार. कँटीनचा लवू परवा माझ्याकडे बघून खोकला होता.

७ ऑक्टोबर
गुणाजी पास. फर्स्ट क्लास. सर्टिफिकेट घेऊन थेट माझ्याकडे आला, पाया पडायला वाकला. मी किनार नखाने खरवडून पाहिली. सोनं निघालं नाही. त्याचा चेहरा पडला. मला क्षणभर वाईट वाटलं.

९ ऑक्टोबर
गुणाजीने अर्ज केला! कोणी शिकवलं असेल त्याला? साहेबांना गाठून कानात सांगितलं, सर्टिफिकेटची नीट चौकशी करा, हल्ली फार बोगस असतात. कंपनीच्या हितासाठी बोललो. मत्सर वगैरे माझ्या स्वभावात नाही.

१५ ऑक्टोबर
साहेबांनी चौकशी केली. इन्स्टिट्यूट सरकारमान्य निघाली. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून हात मिळवला. म्हणाले, तुम्ही सांगितलंत म्हणून चौकशी केली, नाहीतर मीच सर्टिफिकेट बाजूला ठेवणार होतो. गुणाजीची ऑर्डर निघाली.
घरी सांगितलं. वसुधाने शिरा केला. शिऱ्यामागे काय आहे ते शोधायला हवं.

खंडेनवमी, संध्याकाळ
बसगाड्या धुतल्या, झेंडूची तोरणं चढली. गुणाजी इस्त्रीच्या शर्टात. हळद-कुंकू वाहून झालं, साहेबांनी त्याच्या हातात नारळ दिला. तो नारळ घेऊन सगळ्यांसमोर माझ्याकडे आला. म्हणाला, भाऊ, तुमी अर्धी फी दिलास म्हणान ह्या झाला. नारळ तुमीच फोडा.
सगळे टाळ्या वाजवायला लागले. एवढा मान कोण कोणाला फुकट देतो? काहीतरी डाव असणार. नारळ कुजका असणार. मी फोडायचा, घाण वास सुटायचा आणि वर्षभर माझ्या नावाने हसायचं. कानाशी हलवून पाहिला. पाणी कमी वाटलं. म्हटलं, नको, तुझा मान तूच घे.
गुणाजीने दोनदा आग्रह केला. मग पहिल्या बसपुढे एका घावात फोडला.
खोबरं पांढरंशुभ्र होतं. मी मागे उभा राहून खाल्लं. गोड होतं.