गुप्त किनाऱ्यावरची गर्दी

हूड्सपोर्ट, १९ एप्रिल

आदरणीय इंग्वाल्डमामा,

तुमचा थोरला भाचा सेल्मर याचा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकता येत नाही. कालवांवर घसरून कंबर धरली आहे, तेव्हा उरलेला नमस्कार समजून घ्यावा.) तब्येत कशी आहे? तिकडचं युमाचं वाळवंटी ऊन गुडघ्याला मानवतंय का? लेक फिलिस खारवलेला हेरिंग मासा खाऊ देते, की अजून पालेभाजीवरच ठेवलंय तुम्हाला? इकडे सगळं ठीक, म्हणजे पाऊस आहे. माझं मात्र ठीक नाही. शनिवारपासून डोक्यात नुसता गोंधळ आहे, आणि तो ज्यांनी घातला ते तुम्हीच असल्यामुळे विचारायलाही दुसरं कोणी नाही.

मी एकोणीस वर्षांचा असताना तुम्ही मला त्या बंद पडलेल्या कालवांच्या शेडमागून किनाऱ्यावर नेलं होतंत. अंगात छातीपर्यंतची रबरी विजार, कमरेला भांडी घासायचा टब बांधलेला. (गळाची दोरी पायात येऊ नये म्हणून ती त्यात गोळा करायची असते, हे माझ्या बायकोला शेवटपर्यंत पटलं नाही. तिला वाटायचं मी कुठेतरी भांडी घासायला जातो.) तुम्ही गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी पाण्यावर टाकलीत आणि समुद्रात हिंडून आलेला एक कटथ्रोट ट्राउट मासा बाहेर काढलात, अंग रुपेरी, जबड्याखाली लाल चीर. मला नीट पाहू दिलंत, अलगद सोडून दिलंत आणि म्हणालात, "सेल्मर, ही जागा फक्त तुला दाखवतोय. कोणाला सांगितलंस तर तू माझा भाचा नाहीस. आणि यायचं ते मंगळवारी. इतर वारी इथे मासा लागत नाही." मी बेचाळीस वर्षं कोणाला सांगितलं नाही आणि मंगळवार सोडला नाही. माशांना वार कसा कळतो, असा प्रश्न मला कधी पडला नाही. आज पडतोय.

तर गेल्या मंगळवारी मी भरतीचं कोष्टक बघून निघालो, पण मार्चमध्ये घड्याळं तासभर पुढे होतात तो तास कोष्टकात आधीच धरलेला असतो हे विसरून मी तो पुन्हा मिळवला. पोचेपर्यंत पाणी निघून गेलेलं आणि कालवं तोंड मिटून बसलेली. पुढचा मंगळवार फार लांब वाटला, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा शनिवारी सकाळी गेलो. बघतो तर माझ्या किनाऱ्यावर, गुडघाभर पाण्यात, कमरेला टब बांधून एक माणूस पाठमोरा उभा. डावा खांदा खाली, थेट बाबांसारखा. आमचा ऑर्लिन! बाबांची होडी बुडाल्यापासून (तिच्या तळाचं बूच लावायला कोण विसरलं, तो वाद तुम्हाला ठाऊक आहेच) गेली अकरा वर्षं आम्ही सख्खे भाऊ एकमेकांशी बोललेलो नाही. मी ठरवलं, मागे फिरायचं नाही आणि बोलायचंही नाही. त्याच्या बाजूने छातीभर पाण्यापर्यंत शिरलो आणि आणखी पुढे निघालो.

मान न वळवता तो म्हणाला, "माशांवरून चालत गेलास, ते पळाले. उरलेले तुझ्या मागे आहेत, उथळात. पुढे काय टपाल आणायला चाललायस?"

अकरा वर्षांनी भावाच्या तोंडून आलेलं पहिलं वाक्य! मी परत फिरलो (मासे खरंच मागे होते) आणि विचारलं, ही जागा तुला कोणी दाखवली?

"मामांनी. फक्त मला."

"फक्त मला!"

"वार?"

"मंगळवार."

"माझा शनिवार," तो म्हणाला आणि दोरी टबात गोळा करू लागला. मला राग आला होता, पण कोणाचा ते ठरेना. इतक्यात मागून आवाज आला, "तुम्ही दोघं माझ्या जागेवर काय करताय?" वळून बघतो तर चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या प्रुएटबाई! वय चौऱ्याहत्तर, कमरेला टब. त्यांचा गुरुवार. या गुरुवारी एका अंत्यविधीला वाजवायचं होतं म्हणून शनिवारी आल्या. "इंग्वाल्डने ही जागा फक्त मला दाखवलीय," असं त्या म्हणाल्या आणि का कोण जाणे, लाजल्या. (त्या तुम्हाला नुसतं इंग्वाल्ड म्हणतात, हे आम्ही दोघांनीही टिपून ठेवलंय.) बुधवारी दाताचे डॉक्टर ओकाडा असतात, हेही त्यांच्याकडूनच कळलं. मामा, तुम्ही किनारा दाखवलात की दवाखान्यासारखे वार वाटून दिलेत?

आम्ही तिघं ओरडत असताना माझी माशी उथळ पाण्यात अशीच पडून होती, आणि नेमका तेव्हाच तिला मासा लागला. गळाचा रॉड हातातून निघाला, मी तो धरायला झेपावलो, पाय कालवांवरून सटकला आणि मी पाण्यात आडवा झालो. रबरी विजारीत पाणी शिरलं की माणूस भरलेल्या पिंपासारखा होतो, उठता येत नाही. नाकात पाणी गेलं. वर आकाश की खाली, ते कळेना. तेवढ्यात कोणीतरी माझे खांद्यावरचे पट्टे पकडून मला वर ओढलं. ऑर्लिन होता. त्याने त्यासाठी आपला रॉड पाण्यात सोडून दिला होता, मामा. भर ओहोटीत रॉड सोडणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मासा प्रुएटबाईंनी आणला. गळाचा उलटा काटा आधीच चेपलेला होता, त्यामुळे मासा अलगद सुटला. आम्ही तिघं गुडघ्यावर बसून बघेपर्यंत तो गेलासुद्धा. ऑर्लिनचा रॉडही बाईंनीच शोधून आणला. मग एका ओंडक्यावर बसून आम्ही ऑर्लिनने आणलेले, धुरी दिलेल्या कालवांचे सँडविच खाल्ले. मी कुडकुडत होतो. माझ्या कपात कॉफी ओतता ओतता तो म्हणाला, "बूच बहुतेक मीच विसरलो होतो."

"बहुतेक?"

"तूही विसरला असशील."

मी कप पुन्हा पुढे धरला, त्याने तो भरला. बेचाळीस वर्षं मी स्वतःला तुमचा सगळ्यात लाडका समजत होतो. आता चौथा हिस्सा लाडका झालो (सोमवार, शुक्रवार आणि रविवार कोणाचे, हे विचारायची हिंमत नाही), आणि तरी शनिवारपासून झोप चांगली लागते. हे कसं, ते तुम्हीच सांगा.

गुडघ्याला जपा. फिलिसला आशीर्वाद.

तुमचा गोंधळलेला,
सेल्मर

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. ज्या माणसाने हा किनारा चौघांना वाटला, त्याने स्वतःसाठी एखादा नक्कीच राखून ठेवला असणार. आता तुम्ही काही इकडे येत नाही. तो कुठे आहे, ते मला कळवावं. फक्त मला.

ता. क. २ तुमचा युमाचा पत्ता माझ्याकडे नव्हता, म्हणून पाकीट ऑर्लिनने लिहिलं आणि चिकटवायलाही त्यानेच घेतलंय. ते मला जरा जाड वाटतंय. आत त्याचाही कागद निघाला आणि त्यात हेच मागणं असलं, तर साफ नाही म्हणा. सांगायचंच झालं, तर दोघांना एकच किनारा सांगा. आणि वारही एकच द्या.