लालासाहेबाच्या नावाच्या सह्या

न्हाई, वकील केलेला न्हाई. मृत्युपत्राला वकील लागत न्हाई. दोन साक्षीदार लागत्यात, ते समोर चहा पीत बसल्यात. डोकंबी ठिकाणावर हाय. दम देऊन माझ्याकडनं कुनी लिवून घेत न्हाई. मी नाथाजी आकाराम शेवाळे, वय शहात्तर, धंदा टर्नर, मूळ गाव पाटण, राहणार कुपवाड, माझ्या हातानं लिवतोय. ह्याच्या आधी कुठं काय लिवलं असंल तर ते रद्द.

एक. लेथ मशीन आनि समदी हत्यारं कृष्णातला. अठरा वर्सं माझ्या हाताखाली हुता. चक आवळायची चावी तितंच अडकवून इसरायची आनि मशीन चालू करायची खोड अजून हाय. कपाळ फुटलं तर माझ्या नावानं बोंबलू नगंस.

दोन. कुपवाडची दोन खोल्यांची जागा आनि पोस्टातली शिल्लक माझी मुलगी शिवांजली, राहणार सातारा, हिला. ती माझ्याशी बोलत न्हाई. जागा घ्यायला बोलावं लागत न्हाई.

तीन. खरं तर ह्याच्यासाठीच लिवाय बसलोय. पत्र्याच्या ट्रंकेत दोनशे अकरा कागद हायती. हायवेवरच्या मूनलाईट नाईट क्लबाचा मालक लालासाहेब, ज्याच्यावर लय धाडी पडल्या आनि पेपरात फोटो आलं, त्याच्या नावाचं. दारूच्या मागणीचं कागद, मेंबरांची कार्डं, बँडवाल्याला धाडलेली चिठ्ठी, नोकरांनी नाचायच्या फरशीवर चपला घालून येऊ नये म्हनून लावलेली नोटीस. क्लबाला टाळं लागलं तवा हे समदं रद्दीत निघालं. सांगलीचा लियाकत रद्दीवाला पंधरा वर्सं माझ्यासाठी निवडून ठेवतोय. एकदाच म्हनला, "नाथाजी, असल्या बदमाशाचा कसला रं नाद?" मी म्हनलं, "तू वजन कर."

माझा पुतण्या जयराज ट्रंकेवर डोळा ठिवून हाय. "तात्या, पुण्यात असल्या बदनाम मानसांच्या सह्या गोळा करनारी लोकं हायती. कागदाला दोन दोन हजार देत्यात!" आता नीट वाच, जयराज. लालासाहेबाला सही येत न्हवती. अंगठाबहाद्दर हुता, आनि त्याची त्याला लाज हुती. दोनशे दहा कागदांवर त्याच्या नावानं सही करनारी माझी बायको बनुबाई. त्याच्या हापिसात लिवायच्या कामाला हुती. हे हितं लिवलं, म्हंजे तुझी इक्री संपली. अंगठ्याचा एकच कागद खरा हाय, सगळ्यात वर ठिवलाय. तो तुला.

कारखाना बंद पडून मी घरी बसलो तवा बनुबाईनं ती नोकरी धरली. गल्ली बोलाय लागली. मी म्हनलं, "परक्या बाप्याच्या नावानं सही करतीस, लाज वाटत न्हाई?" ती म्हनली, "तुमच्या नावानं करायची येळ तुमी कवा आनलीसा?" मी म्हनलं, "मग तिकडंच ऱ्हा." ती पोरीला घिऊन सांगलीत खोली करून राहिली. सहा पत्रं धाडली. मी एकबी न फोडता बंबात घातली. दोन हजार पाचच्या पुरात तिच्या खोलीतलं कागद-वह्या समदं गेलं. पुढं चार वर्सांनी ती काविळीनं वारली. मी पोचलो ते तिसऱ्या दिवशी, राख सावडायला.

तितं शिवांजली म्हनली, "आईच्या हातचं माझ्याकडं एक अक्षर न्हाई. तुमच्याकडची पत्रं तरी द्या." मी सांगितलं, जाळली. त्यावर ती जे गप झाली ते आजपातूर.

म्हनून हे दोनशे दहा कागद शिवांजलीला. पोरी, नाव दुसऱ्याचं हाय, हात आईचा हाय. ती पेन लय दाबून लिवायची. कागद उलटा करून बोट फिरीव, अक्षर हाताला लागतं. मी तसंच करतो. ट्रंकेत डांबरगोळ्या घालत जा.

चार. माझं दहावं-तेरावं करू नका. येनार कोन हाय?

ठिकाण कुपवाड. तारीख १४ नोव्हेंबर २०२४.

साक्षीदार:
१. आप्पासो बाबू खोत, कुपवाड
२. नानासो दादू माळी, कवठे महांकाळ

सही: नाथाजी आकाराम शेवाळे

सही करून झाल्यावर आप्पासो इचारतोय, "नाथाजी, सांगली हितनं किती लांब रं, सायकलवर अर्धा तास? बनुबाई जिवंत हुती तवा एकदाबी का गेला न्हाईस?" ते ह्यात येनार न्हाई. मी सांगनार न्हाई.