ओळखीचा पेशंट

ता. ९ मार्च, रविवार दुपार

ती. मावशीला नमस्कार,

तुझं पत्र आणि काकांचं घड्याळ, दोन्ही पोचलं. इकडे सगळे बरे. आईची कंबर आहे तशीच, म्हणजे कामाच्या वेळी दुखते आणि गप्पांना बसली की थांबते. नर्सिंगला माझा नंबर लागल्याचं तिनं तुला कळवलंच आहे. शाळा सुरू होईपर्यंत वॉर्डातलं मदतनिसाचं काम चालू ठेवलंय. चादरी बदलणं, अंग पुसणं, पेशंटला कुशीवर वळवणं, लघवीचं भांडं देणं. नाक मुरडू नकोस, माझा हात बसलाय त्यात.

तू लिहिलंस, "तुझे काका येईल त्याला सांगतात, टिटवीनं मला फुलासारखं जपलं." ते वाचलं आणि पत्र उशीखाली सारलं. आईनं विचारलं, काय म्हणते मावशी? म्हटलं, काही नाही, खुशाली.

मावशी, काकांनी तुला खरं सांगितलेलं नाही.

सुरुवातीला जपलं गं. खुब्याच्या ऑपरेशननंतर ते आमच्याच वॉर्डात होते, तेव्हा त्यांची दाढी मीच करायचे. "सावकाश, टिटवे, गवत नाहीये ते!" म्हणून ओरडायचे. लहानपणी माझ्या भोकाड पसरण्यावरून त्यांनी ठेवलेलं नाव शेजारच्या खाटेवरच्या शिंपीबुवांनाही पाठ झालं होतं.

मग एके सकाळी नर्सिंग शाळेच्या मोठ्या बाई त्यांच्या मुलींना घेऊन वॉर्डात आल्या. मदतनिसांमधून कुणाला शाळेत घ्यायचं ते त्याच ठरवतात. मुलींचे कपडे कडक इस्त्रीचे, पांढरेशुभ्र. माझ्या अंगावर डाग पडलेला एप्रन. बाईंनी मला ड्रेसिंगच्या ट्रॉलीजवळ बोलावलं, हातात चिमटा दिला. मी अगदी हवेत होते. तेवढ्यात मागून काका, "टिटवे, भांडं दे गं जरा. लवकर."

मुली फिसकन हसल्या. बाईंनी विचारलं, "तुझ्या ओळखीचे आहेत का?"

मी म्हणाले, "नाही, बाई. ऑपरेशननंतर म्हातारी माणसं कुणालाही काहीही हाक मारतात."

माझी जीभ कशी झडली नाही! शिंपीबुवांनी तोंड फिरवलं. काकांनी ऐकलं, आणि पुन्हा हाक मारली नाही. बाई पुढच्या खाटेकडे गेल्या, त्यांच्यामागे चिमटा घेऊन मीही गेले.

मी परत आले तेव्हा काकांची चादर ओली झाली होती. दारात कुणी आलं तरी आधी शर्टाची बटणं लावणारा माणूस तो. भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी चादर ओढायला लागले, तर खाटेचा गज धरून त्यांनी कसंबसं अंग उचललं. आणि बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माफ करा, सिस्टर. तुम्ही आमच्या भाचीसारख्या दिसता, म्हणून घोटाळा झाला."

बाई जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "परक्या माणसाचं इतकं मायेनं करतेस. अशाच मुली हव्यात आम्हाला."

माझा नंबर त्या चादरीवर लागलाय, मावशी.

त्यानंतर घरी जाईपर्यंत त्यांनी मला सिस्टरच म्हटलं. दाढी वाढू दिली, पण मला करायला सांगितली नाही. मी रोज माफी मागायची ठरवून खाटेपाशी जायचे, उशी सारखी करायचे आणि परत फिरायचे. आणि आता त्यांनी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ पाठवलंय, तिला नाडी मोजायला लागेल म्हणून! ते टेबलावर चालू आहे. मला हात लावायचीही लाज वाटते.

उद्या मोठ्या बाईंना सगळं सांगणार आहे. नंबर राहील की जाईल, माहीत नाही. तुला लिहून टाकलं म्हणजे मला पळवाट उरणार नाही, म्हणून आधी तुला लिहितेय.

शनिवारी येते. काकांची दाढी मी करीन, त्यांनी करू दिली तर. त्यांनी चांगलं फैलावर घ्यावं मला. ते गप्प राहिले तर काय करू, तेवढं कळत नाही.

तू मात्र हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. शेजारीपाजारी बसले असतील तर आणखी मोठ्यानं, आणि अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

त्यांच्या ओळखीची,
टिटवी